आपसूक उघडणारी पाती

धारगळच्या हमरस्त्याला लागून सगुणाची रेडिएटर दुरुस्तीची शेड होती, तिकडच्या भाषेत मांगर. खाणीच्या ट्रकवाल्यांना त्या मांगरातल्या भट्टीची भीती नव्हती, सगुणाच्या तोंडाची होती. डिचोलीकडून खनिज वाहणाऱ्या ट्रकांचे रेडिएटर तांबड्या मातीने चोंदायचे, उकळायचे, गळायचे. सगुणासारखा पक्का डाग देणारा त्या टापूत दुसरा नव्हता, म्हणून लोक यायचे, शिव्या खायचे आणि रेडिएटर घेऊन जायचे. "गाडी हाकतंस काय रेडे रे?" हे त्याचं नमस्कारासारखं वाक्य. कोल्हापूरकडचा एक कारागीर हाताखाली ठेवला होता, तो आठवडाभरात पळाला. जाताना म्हणाला, "भट्टीजवळ बसंन, पर ह्या मानसाजवळ न्हाई."

गोव्यातल्या भाषेच्या आंदोलनात कोणीतरी त्याच्या पाटीवर डांबर फासलं. पाटी मराठीत होती म्हणून फासलं की दुसऱ्याच कुणाची समजून फासलं, हे कधीच कळलं नाही. एका बाजूची माणसं आली आणि म्हणाली, आता कोंकणीतून लिही. दुसऱ्या बाजूची आली आणि म्हणाली, आता मराठीत आणखी मोठ्या अक्षरांत लिही. सगुणाने दोघांच्याही मागे तापलेली सळई घेऊन धाव घेतली. पाटी तशीच डांबरासकट लटकत राहिली आणि त्याला ती तशीच आवडायला लागली.

असा हा सगळ्या जगावर खार खाऊन असलेला माणूस. पण जगावरचा राग वेगळा आणि गोकुळदास भाटकार या जमीनदारावरचा वेगळा. तो त्याने लहानपणापासून जपला होता, घासूनपुसून लख्ख ठेवला होता.

सगुणाचा बाप पांडुरंग हा पेडण्याच्या या भाटकारांकडे शोफेर होता. पोर्तुगीज अंमलात त्या घराण्याने एक लांबलचक अमेरिकन मोटार आणली होती. पेडण्यात तेव्हा बैलगाडीलाही लोक वळून बघत, तिथे ही काळी मोटार. गोकुळदासचं लग्न डिचोलीच्या मुलीशी ठरलं आणि नवरदेव त्याच मोटारीतून निघाला. नार्व्याच्या देवाच्या पाया पडून पुढे डिचोलीला जायचं, असा बेत होता. वाटेत चढणीवर मोटार उकळली. नुसती उकळली नाही, तर नाकातून वाफेचे लोट सोडत आडवीच झाली. इंजिन गेलं ते गेलंच. मुहूर्त टळला, नवरदेव बैलगाडीतून मांडवात पोचला आणि मुलीकडच्यांनी तोंडावर पदर धरून हसायचं ते हसून घेतलं. गोकुळदासने भर मांडवात, वाजंत्री थांबवून, पांडुरंगाच्या थोबाडीत मारली. "पाणी घालूक इसारलो, भिकारडो!" म्हणून.

पांडुरंगाने हूं की चूं केलं नाही. नोकरी गेली. पुढे आयुष्यभर खाणीवर पाट्या उचलल्या आणि एक दिवस पाटीसकट बसला तो उठलाच नाही. पेडण्यात मात्र त्याचं नाव मागे उरलं. कुणी काही विसरलं की लोक म्हणायचे, "पांडू शोफेर झालो रे हो."

सगुणाला थोबाडीत बसल्याचा राग होताच, पण बाप गप्प बसला याचा त्याहून जास्त होता. मोठा झाल्यावर त्याने बापाला तोंडावर विचारलं होतं, "पाणी घातलेलंस की नाय? एकदा तरी सांग!" बाप विडी ओढत अंगणाकडे बघत राहिला. तोंड शिवलेला बाप म्हणजे सगुणाच्या लेखी मेलेलाच बाप होता. पुढे तो खरोखर मेला तेव्हा सगुणाच्या डोळ्यांत पाणी आलं नाही.

तोंडाची सगळी कसर त्याची आई भरून काढायची. शांता पेडण्याच्या बाजारात फुलं विकायची. रोज संध्याकाळी ओसरीवर बसून अबोली ओवायची आणि ओवता ओवता गोकुळदासला शिव्या घालायची. त्याच्या बागायतीला, त्याच्या गुडघ्यांना, त्याच्या सात पिढ्यांना. फुलागणिक एक. शेजारणी म्हणायच्या, शांतेच्या वळेसारात, म्हणजे गजऱ्यात, अबोली कमी आणि शाप जास्त. तिच्या हाराच्या टोकाला एक खास गाठ असायची. दोरा उलटा फिरवून स्वतःतूनच काढलेली, वर छोटा फासा ठेवलेली. बाजारात तिला शांतेची गाठ म्हणत. ती गाठ सुटत नाही, हा शांतेचा अभिमान होता.

गोवा राज्य होणार अशी बातमी पक्की झाली त्या मे महिन्यात, गोकुळदास भाटकार सगुणाच्या मांगरासमोर उभा राहिला. मागे एका टिपरवर ती काळी मोटार लादलेली. भाटकार म्हातारा झाला होता, कुळकायद्याने बरीचशी जमीनही गेली होती, पण मान ताठ होती.

"पांडू शोफेराचो झिल मरे तू?" त्याने विचारलं.

"होय. मगे?"

"म्हापशेच्या मिस्त्रीन इंजीन चालू केलां. पण हेची पाती उघडणत नाय. पणजेचो एक जुन्या गाड्यांचो शौकीन म्हणता, पाती आपसूक उघडाक होयी, नायतर गाडी मेलेलीच. राज्य जाता त्या दिसा पेडण्यात मिरवणूक आसा. माका ह्या गाडयेत बसान जावचा आसा. बापसान मोडलां, झिलान नीट करूचा."

सगुणाच्या हातात सळई होती. ती त्याने भट्टीत परत खुपसली, कारण हातात राहिली असती तर काय झालं असतं ते सांगता येत नाही. मग तो बोलला, आणि भाटकाराला आपण 'तुमी' म्हणतोय याचाच त्याला संताप आला.

"करतंय. पण त्या दिसा गाडी कित्याक उकाळली ता माका आत उघडल्यार कळतलां. मिरवणुकीत, सगळ्यांमुखार, मी ता सांगतलंय. माझ्या बापसाची चूक नसली तर तुमी थयच, सगळ्यांमुखार, माफी मागूची."

"आणि चूक त्याचीच असली तर?"

"तर ता पण मीच सांगतलंय."

भाटकार हसला. "चल. शबूद दिलो," म्हणाला आणि काठी टेकत निघून गेला.

या मोटारीच्या नाकावर उभी चकचकीत पाती होती, खिडकीच्या झडपांसारखी. गाडी थंड असली की पाती मिटलेली. रेडिएटरच्या डोक्यात पितळेचा एक छोटा भाता, आत स्पिरिट भरलेलं. पाणी तापलं की स्पिरिट फुगायचं, भाता लांब व्हायचा, एक दांडी ढकलायचा, आणि दांडीला जोडलेली सगळी पाती एकदम वळून वारा आत घ्यायची. थंड मुलखातल्या माणसांनी काढलेली ही युक्ती. आपल्याकडे मे महिन्यात तिचा उपयोग तरी काय? पण आता ती पाती उघडावीत हाच सगुणाच्या जिवाचा प्रश्न झाला होता.

त्याने खाणीचे ट्रक परत पाठवले. "जावा, उकडान मरा," म्हणाला. रॉकेलने पाती भिजवली, खरवडली, तेल सोडलं. मग रेडिएटरचं डोकं उघडून भाता बाहेर काढला. एका घडीवर उभा चिरलेला! सगुण तसाच भाता हातात घेऊन घरी धावत गेला.

"आये, यंत्र फाटलेला! बापसान पाणी घातलेला. पाती उघडूकच नाय, म्हणान पाणी उकाळला!"

शांतेने भाता हातात घेतला, काही कळलं नाही तरी उलटसुलट करून बघितला आणि मग पदर तोंडात कोंबून रडली. रडून झाल्यावर गोकुळदासच्या सात पिढ्यांचा नव्याने उद्धार केला. "आता नाक घासतलो मेलो," म्हणाली. सगुण इतका खूश कधी झाला नव्हता. त्याने त्या दिवशी एका ट्रकवाल्याला चहा पाजला, आणि तो ट्रकवाला घाबरला.

भाता दुरुस्त करणं सोपं नव्हतं. पत्रा कागदाइतका पातळ, डाग जाड झाला तर भाता आखडणार. चांदीचा डाग देऊन, स्पिरिट भरून, तोंड बंद करून तो कढत पाण्याच्या टोपात सोडला की प्रत्येक वेळी कुठून तरी बुडबुडा यायचा आणि सगुण टोपाला लाथ मारायचा. शेवटी एकदा बुडबुडा आला नाही. भाता पाण्यात हळूहळू लांब झाला आणि बाहेर काढल्यावर आखडला.

दांडी बसवायला घेतली आणि सगुण थबकला. दांडी वाकलेली होती. तशी ती पहिल्या दिवसापासून वाकलेली होती, पण तेव्हा आनंदात लक्ष गेलं नव्हतं. ठोकून सरळ करता करता त्याच्या डोक्यात किडा शिरला. भाता फाटला म्हणून पाती उघडली नाहीत, तर मग दांडी कोणी वाकवली? दांडी वाकते ती ढकलताना. म्हणजे भाता त्या दिवशी धड होता, जिवाच्या कराराने ढकलत होता, आणि पात्यांना कशाने तरी धरून ठेवलं होतं. ढकलता ढकलता दांडी वाकली आणि मग भाता फाटला.

विसरता आलं असतं. पण स्वतःला पटल्याशिवाय गप्प बसायची अक्कल देवाने सगुणाला दिली नव्हती. तो पालथा पडला आणि पात्यांच्या बुडाशी, जिथे ती एकमेकांना जोडलेली असतात, तिथली काजळी खिळ्याने खरवडू लागला. काजळीखाली दोरा होता. पात्याभोवती वेढा, मग दुसऱ्या पात्याभोवती, मग तिसऱ्या. मासे गरवायचा तंगूस, इतक्या वर्षांतही न कुजलेला. पुढून कुणीतरी सुरीने सपकन कापलेला, मागची टोकं तशीच अडकून राहिलेली. आणि एका टोकाला उलटी फिरवून स्वतःतून काढलेली, वर छोटा फासा ठेवलेली गाठ.

सगुण मांगराच्या जमिनीवर बसून राहिला. गोकुळदासच्या लग्नाच्या सकाळचं सगळं त्याला आठवलं. मोटारीसाठी हार ओवताना आई घाईघाईने म्हणाली होती, "केळीचो दोरो वाऱ्यार तुटतलो, तुझो तंगूस दी," आणि बापाने हसत गरीची दोरी काढून दिली होती. रात्री बाप घरी आला तो गालावर वळ घेऊन आणि खिसा फुगवून. आईने विचारलं, हार खंय? बाप म्हणाला, वाऱ्यान नेलो. मग विहिरीमागे जाऊन त्याने काहीतरी जाळलं.

म्हणजे बापाला माहीत होतं. चढणीवर झाकण उघडल्याबरोबर त्याला कळलं होतं. त्याने सुरीने हार कापला, खिशात कोंबला, मांडवात जाऊन थोबाडीत खाल्ली आणि तोंड शिवून घेतलं. सगुणाने त्याच बापाला नामर्द म्हटलं होतं, तेही त्याच्या तोंडावर.

संध्याकाळी शांता ओसरीवर अबोली ओवत होती. सगुण समोर बसला आणि उगाचच खेकसला, "त्या गाडयेचो हार कसो बांदलेलंस गे?"

शांतेचा चेहरा उजळला. "तसो हार परत कोणी बघूक नाय! एकेका पात्यातसून तंगूस ओवन घेतलंय, पाती मिटलेली होती मां, घट्ट बसलो. भायर दोरो दिसाक नाय. वाऱ्यान नेलो म्हणता तुझो बापूस, पण माझी गाठ वाऱ्यान कशी सुटतली? बापसानच खंय तरी टाकल्यान. मी त्येका केदी माफ करूक नाय."

"गप बस!" सगुण ओरडला.

"मेल्या, इचारलंस तूच!"

तो उठून गेला. शांता मागून त्याच्यावर तोंड सोडत राहिली. तिला सांगितलं तर काय होईल हे त्याला नीट कळत होतं. इतकी वर्षं नवरा आणि भाटकार या दोघांवर तिने जे शाप फेकले, ते सगळे एका क्षणात तिच्याच डोक्यावर आले असते. त्याने तंगुसाचे तुकडे भट्टीत टाकले. भाटकाराला एवढंच सांगायचं, यंत्र फाटलं होतं. ते खोटंही नव्हतं. बापाचं नाव धुतलं जाईल, माफी मिळेल, आईला काही कळणार नाही. विषय संपला, असं त्याने ठरवलं.

राज्याचा दिवस उजाडला तोच घाम काढत. पेडण्याच्या बाजारात पताका, लेझीम, ढोल. मधोमध काळी मोटार, आरशासारखी पुसलेली, पाती मिटलेली. गोकुळदास पांढऱ्या कपड्यांत मागे बसलेला. सगुण नाकाजवळ उभा. इंजिन नुकतंच सुरू झालं होतं.

तेवढ्यात गर्दी सारत शांता आली. हातात हार, झेंडू आणि अबोलीचा, चार बोटं रुंद. "तसोच केलंय," ती म्हणाली, "ह्या खेपेक लोकांका बघूंदेत." आणि खाली बसून तिने पहिल्या पात्यात तंगूस ओवला.

"हात लावू नको!" सगुण किंचाळला. त्याने तिच्या हाताला हिसका दिला आणि हार रस्त्यात पडला. ढोल थांबले. भर बाजारात मुलगा म्हाताऱ्या आईवर हात टाकतोय, हे दृश्य सगळ्यांनी बघितलं.

गोकुळदास काच खाली करून बघत होता. म्हातारा झाला तरी डोकं तल्लख होतं. तो काठी टेकत खाली उतरला, हाराकडे बघितलं, पात्यांकडे बघितलं.

"हाराक कित्याक इतको भियेलंस रे?" तो सावकाश म्हणाला. "त्या दिसा पण हार होतो. माका याद आसा. कोणी बांदलेलो तो?"

"मियां!" शांता उभी राहिली. "मियांच बांदलेलो. तुझ्या वरातीक शोभा आणूक, मेल्या!"

"असां? पात्यांक?" गोकुळदासने काठीचं टोक मिटलेल्या पात्यावर टेकवलं. "आणि गाडी उकाळली. तर मगे, सगुणा, शबूद दिल्लंस. सांग. यंत्र मोडला, तर कित्यान मोडला?"

सगळा बाजार कान देऊन उभा होता. शांता मुलाकडे बघत होती, हनुवटी वर करून, माफीची वाट बघत. यंत्राचं नाव काढलं की पुढचा प्रश्न हाराचा होता, आणि तो म्हातारा विचारल्याशिवाय राहणार नव्हता. सगुणाने एकदा आईच्या हाताकडे बघितलं. बोटाला अजून तंगुसाचा फासा होता.

"यंत्राक कायएक नाय झालेला," तो ओरडला. "पाणी नाय होता गाडयेत. बापूस पाणी घालूक इसारलो. तुमी म्हणलास ताच खरा. झाला?"

"आयकलास?" गोकुळदासने काठी उंचावली. "शोफेराच्या झिलाच्याच तोंडान आयकलास!"

लोक हसले. हसण्यासारखं काही नव्हतं तरी हसले. शांता दोन पावलं पुढे आली आणि तिने सगुणाच्या थोबाडीत मारली. आवाज लग्नाच्या मांडवात झाला होता तेवढाच झाला असेल. सगुण जागचा हलला नाही, हूं की चूं केलं नाही. आई थुंकली, म्हणाली, "भाटकाराची भाकरी खाल्लंस तू," आणि गर्दीतून निघून गेली.

ढोल पुन्हा सुरू झाले. इंजिन तापलं. एकाएकी खट्ट आवाज झाला आणि मोटारीच्या नाकावरची सगळी पाती मिळून वळली, उघडी झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गोकुळदासने हात जोडले. गाडी एकदाही न उकळता सगळ्या पेडण्यातून फिरली. सगुण ते बघायला थांबला नाही. रस्त्यात पडलेला हार त्याने उचलला, पायाखाली आलेली फुलं झटकली आणि तो खिशात कोंबला.

पुढेही तो धारगळला रेडिएटर दुरुस्त करत राहिला, तोंड तसंच तिखट. खाणवाल्यांना शिव्या, पाटीला डांबर. फक्त घरी तो बोलत नसे. शांता त्याला जेवायला वाढायची, पण त्याच्याशी शब्द बोलली नाही ती शेवटपर्यंत. संध्याकाळी ओसरीवर अबोली ओवायला बसली की शाप सुरू व्हायचे, आणि आता त्यात भाटकाराच्या आधी बापाला विकणाऱ्या मुलाचं नाव यायचं. "बापसाक इकल्यान, बापसाक इकल्यान," असं ती फुलागणिक म्हणायची. सगुण पलीकडे बसून विडी ओढत अंगणाकडे बघत राहायचा. दोरा संपला की ती गाठ मारायची, आणि तो उठून तिला दुसरा दोरा आणून द्यायचा, केळीचा.